रस्त्याखालचे स्वामित्व

मुळा नदीच्या उत्तर तीरावर, म्हातोबाच्या देवस्थानाभोवती वसलेले वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले, आणि पश्चिमेकडील हिंजवडीच्या शिवारात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभारल्यावर त्या गावाचे रूप एका पिढीच्या आत पालटून गेले. ज्या जमिनींच्या सातबाऱ्यावर पिकांची नोंद होत असे त्यांवर बिगरशेतीचे शेरे चढले, पाणंदींचे डांबरी रस्ते झाले, आणि उंच इमारतींतून देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे राहू लागली. महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या घरात होती; २०११ मध्ये ती सव्वासतरा लाखांच्या आसपास गेली. या वाढीला जी साधने आवश्यक झाली त्यांपैकी पाणी, वीज आणि रस्ते यांच्यासंबंधी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते, कारण त्यांची टंचाई डोळ्यांना दिसते. परंतु ज्याच्या योगे या इमारतींतील हजारो माणसे परदेशस्थ ग्राहकांचे काम घरबसल्या करतात, मुले अभ्यास करतात, रुग्ण वैद्यांचा सल्ला घेतात आणि दुकानदार पैशांचा व्यवहार उरकतात, त्या ब्रॉडबँडच्या जाळ्यासंबंधीची आपली चर्चा मासिक आकार आणि वेग या दोन गोष्टींपलीकडे सहसा जात नाही. ते जाळे कोणाच्या जमिनीत आहे, कोणाच्या मालकीचे आहे, कोणत्या अटींवर तेथे आहे आणि त्या अटी कोणी ठरविल्या, हे प्रश्न प्रस्तुत प्रकरणाचा विषय होत.

वाकडच्या भूमकर चौकापासून हिंजवडीपर्यंतचे अंतर अल्प आहे. परंतु तेवढ्या अंतरात महानगरपालिकेची हद्द संपते, मुंबई-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग ओलांडावा लागतो, औद्योगिक विकास महामंडळाचे रस्ते लागतात, हिंजवडीच्या ग्रामपंचायतीचे क्षेत्र लागते, आणि हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोमार्गाच्या निमित्ताने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचाही संबंध येतो. या भागातून एक तंतुवाहिनी न्यावयाची झाल्यास तिला या सर्व दप्तरांतून वाट काढावी लागते. ज्या जमिनीखालून ती जाते ती जमीन बहुतांशी सार्वजनिक आहे आणि जिच्या नावाने ती जाते ती कंपनी बहुधा खासगी आहे. या दोन हितसंबंधांची सांगड कशी घालावी, हाच ब्रॉडबँडविषयक सार्वजनिक धोरणाचा गाभा होय.

चार थर

ब्रॉडबँड ही एकच एक वस्तू आहे असे धरून आपण बोलतो. वस्तुतः ती एकावर एक रचलेल्या चार थरांची रचना आहे. सर्वांत खालचा थर मार्गाचा: रस्त्याच्या कडेला खणलेला चर, त्यात पुरलेली प्लास्टिकची नळी, जिला या व्यवसायातील माणसे डक्ट म्हणतात, आणि ठिकठिकाणी बांधलेली चेंबरे. दुसरा थर त्या नळीतून ओढलेल्या काचतंतूंचा, म्हणजे फायबरचा. एका केबलमध्ये असे केसासारखे बारीक तंतू अनेक असतात, आणि ज्यातून अद्याप प्रकाश सोडलेला नाही अशा तंतूस डार्क फायबर असे नाव आहे. तिसरा थर त्या तंतूच्या दोन्ही टोकांना बसविलेल्या प्रकाश-उपकरणांचा. यांच्या साहाय्याने एका तंतूचे विभाजन करून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना सेवा देता येते. चौथा आणि सर्वांत वरचा थर सेवेचा: इंटरनेटशी जोडणी, देयक, तक्रारनिवारण, आणि ग्राहकाशी येणारा नित्याचा संबंध.

या थरांचे आर्थिक स्वभाव एकमेकांहून अगदी भिन्न आहेत. खालच्या थरावर होणारा खर्च सर्वांत मोठा असतो, कारण तो खोदाईचा, बुजवणीचा आणि रस्ता पूर्ववत् करण्याचा खर्च आहे. पण एकदा नीट पुरलेली नळी दशकानुदशके टिकते आणि तिच्यातील तंतू बदलता येतात. तंतूचेही आयुष्य पाव शतकाहून कमी धरण्याचे कारण नाही. याउलट टोकांवरची उपकरणे काही वर्षांत जुनी होतात, आणि सेवेच्या थरात तर किमती, योजना आणि सोयी वर्षाच्या आतच पालटतात. यावरून असे दिसते, की वरच्या थरांत अनेकांची स्पर्धा असणे ग्राहकाच्या हिताचे आहे. परंतु सर्वांत खालच्या थरात चार कंपन्यांनी एकाच रस्त्याला समांतर चार चर खणले तर समाजाची संपत्ती चौपट खर्ची पडते आणि रस्ता चारदा उकरला जातो, लाभ मात्र चौपट होत नाही. म्हणून ब्रॉडबँड सरकारी असावे की खासगी, हा प्रश्न त्या रूपात विचारणेच अपुरे आहे. कोणता थर कोणाचा असावा, असा प्रश्न विचारला म्हणजे मतभेदाचे क्षेत्र पुष्कळच आकुंचित होते.

१८८५ चा कायदा आणि त्यातील विवेक

या प्रश्नाला आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाची पार्श्वभूमी आहे. १८८५ चा भारतीय तार अधिनियम परकीय राजवटीने आपल्या सोयीसाठी केला, हे निर्विवाद आहे. तार प्रस्थापित करण्याचा अनन्य अधिकार त्याने सरकारकडे ठेवला आणि परवाना देण्याची मुखत्यारीही सरकारलाच दिली. तथापि त्याच्या दहाव्या कलमात जो विवेक आहे तो आजही लक्षात घेण्याजोगा आहे. तार प्राधिकरणाला कोणत्याही मिळकतीवरून वा मिळकतीखालून तार नेण्याची मुभा त्या कलमाने दिली. पण त्याच कलमान्वये त्या मिळकतीत सरकारला वापराखेरीज दुसरा कोणताही हक्क प्राप्त होत नव्हता, होईल तितकी कमी हानी करावी असे बंधन होते, झालेल्या हानीची पूर्ण भरपाई देणे भाग होते, आणि जी मिळकत स्थानिक संस्थेच्या ताब्यात वा व्यवस्थेखाली असेल तिच्या बाबतीत त्या संस्थेच्या परवानगीवाचून काही करता येत नव्हते. वापराचा हक्क आणि जमिनीची मालकी यांतील हा भेद जुन्या महाराष्ट्राला अपरिचित नव्हता; दुसऱ्याच्या शेतातून बैलगाडी नेण्याची वहिवाट असली म्हणून ते शेत आपले होत नाही, हे आपल्या गावगाड्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते.

स्वातंत्र्योत्तर काळात या तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका दिशेने बळकटी दिली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात न्यायालयाने असा निर्वाळा दिला, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा उपयोग लोकहितासाठी नियंत्रित झाला पाहिजे. जी वस्तू हाताला लागत नाही तीदेखील लोकांची आहे असे एकदा मान्य केले, म्हणजे करदात्यांच्या पैशातून संपादित केलेल्या आणि बांधलेल्या रस्त्याखालची जागा लोकांची आहे, हे वेगळे सिद्ध करण्याची आवश्यकता राहू नये.

तांब्याच्या तारेचा धडा

भारतातील दूरध्वनीचा प्रारंभ खासगी परवान्याने झाला. १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे पहिली दूरध्वनी केंद्रे खासगी कंपनीने उघडली. मुंबईची दूरध्वनी व्यवस्था सरकारने आपल्याकडे घेतली ती १९४३ साली. पुढे मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांपुरते १९८६ मध्ये महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मात्र दूरसंचार विभागाकडेच राहिले व १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमाकडे आले. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच्याही आधीपासून, म्हणजे १९९१ साली स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या शासकीय संस्थेने, जिच्या आरंभीच्या मोजक्या केंद्रांत पुणे होते, आपल्या भूकेंद्रांवरून उपग्रहाद्वारे संगणक-उद्योगांना परदेशाशी जोडून दिले होते. आज ज्या उद्योगाच्या जोरावर वाकडची घरे उभी आहेत त्याचा परदेशाशी झालेला आरंभीचा द्रुतगती संपर्क अशा सार्वजनिक मालकीच्या साधनाने घडविला, ही गोष्ट सहसा विस्मृतीत जाते.

यानंतर दोन निर्णय असे झाले, की ज्यांचे परिणाम आपण आजही भोगीत आहोत. पहिला निर्णय तांब्याच्या तारेसंबंधीचा. २००४ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशी शिफारस केली, की भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांच्या ज्या तारा घरोघर पोहोचल्या आहेत त्या, योग्य भाडे घेऊन, इतर सेवादात्यांना वापरू द्याव्यात. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणाने ही सक्ती स्वीकारली नाही. परस्परसंमतीने व्यापारी करार करण्याची मोकळीक तेवढी ठेवली. परिणामी ती तार इतरांना फारशी मिळाली नाही, आणि मालक असलेल्या निगमानेही तिचे रूपांतर काचतंतूत पुरेशा त्वरेने केले नाही. खासगी कंपन्यांना आपापले जाळे स्वतंत्रपणे टाकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तारांनी दिल्या जाणाऱ्या ब्रॉडबँडमध्ये इतकी वर्षे अग्रस्थानी असलेले भारत संचार निगम नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्या क्षेत्रात थोडक्याच वर्षांपूर्वी उतरलेल्या जिओच्या मागे पडले. लोकांच्या पैशाने घातलेली तार लोकांच्या पूर्ण उपयोगी न पडताच निरुपयोगी होत गेली.

दुसरा निर्णय विदेश संचार निगमाच्या विक्रीचा. फेब्रुवारी २००२ मध्ये त्या निगमाचे व्यवस्थापन टाटा समूहाकडे गेले, आणि त्याबरोबर समुद्राखालील केबली ज्या ठिकाणी किनाऱ्यास लागतात तेथील केंद्रेही गेली. भारतात येणाऱ्या अशा केबलींपैकी पुष्कळशा मुंबईस लागतात आणि तेथून घाट चढून पुण्याकडे येतात. विक्रीनंतर पाच वर्षांनी, २००७ साली, या केंद्रांचा वापर इतर कंपन्यांना वाजवी अटींवर करू द्यावा म्हणून नियामक प्राधिकरणाला खास विनियम काढावे लागले. विक्री करू नये असा या घटनेचा अर्थ नाही. जी नाडी सर्वांना आवश्यक आहे ती हस्तांतरित करताना इतरांच्या प्रवेशाच्या अटी त्याच दस्तऐवजात लिहून घ्याव्यात, कारण नंतर त्या लिहून घेणे फार कष्टाचे होते, एवढा बोध तीतून निश्चित निघतो.

वारंवार होणारी खोदाई

तारेची वाटणी झाली नाही, तेव्हा चरांची संख्या वाढली. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी स्थानिक संस्थांनी अर्जांचा निर्णय साठ दिवसांत द्यावा, न दिल्यास परवानगी मिळाली असे मानले जावे, आणि भूमिगत वाहिनीसाठी प्रशासकीय शुल्क दर किलोमीटरला एक हजार रुपयांहून अधिक असू नये, असे ठरविले. रस्ता पूर्ववत् करण्याचा खर्च त्याहून निराळा. कंपन्यांची तक्रार अशी होती, की नगरपालिका परवानग्या अडवून ठेवतात आणि मनमानी दर लावतात. ती सर्वस्वी निराधार नव्हती. दुसऱ्या बाजूने नगरपालिकांचे म्हणणे असे, की आज केलेला रस्ता उद्या उकरला जातो, बुजवणी निकृष्ट होते, पावसाळ्यात त्या जागी खड्डे पडतात आणि दूषणे महानगरपालिकेच्या पदरी येतात. तेही खोटे नाही. या वादात जे खर्चाला भितात ते जमीन सोडून वरून जातात: वीजखांबावरून दिव्याच्या खांबाकडे, खांबावरून गच्चीकडे आणि गच्चीवरून पुढल्या गच्चीकडे लोंबत गेलेल्या केबलींचे जुडगे आपल्या उपनगरांत सर्वत्र दिसतात. केबलवाल्याने दूरचित्रवाणीसाठी ओढलेली ती वाट पुढे इंटरनेटसाठी वापरली गेली, आणि लहान भांडवलाच्या स्थानिक व्यावसायिकाला ती एकच वाट परवडणारी होती, हेही न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

२०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने तार अधिनियमाची जागा घेतली आणि त्याखालील मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले. या कायद्यात दोन तरतुदी परस्परविरुद्ध दिशांना ओढणाऱ्या आहेत. एका तरतुदीने दूरसंचाराचे जाळे ज्या मिळकतीत बसविलेले असेल त्या मिळकतीचा भाग मानले जाणार नाही, आणि मिळकतीवरील करासाठीही ते तिच्यात गणले जाणार नाही, असे ठरले. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांवर मालमत्ता कर आकारता येतो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. नव्या तरतुदीने स्थानिक संस्थांच्या महसुलाचा तो मार्ग आकुंचित केला. दुसरी तरतूद मात्र भविष्याची द्वारे उघडणारी आहे. विवक्षित प्रकल्पांत सामाईक नळ्या आणि केबलमार्ग निर्माण करावेत व ते सर्व कंपन्यांना खुलेपणाने वापरावयास मिळावेत, असे ठरविण्याचा अधिकार तिने केंद्र सरकारला दिला. सामाईक नळीचे तत्त्व अशा रीतीने देशाच्या कायद्यात दाखल झाले आहे. ते आपल्या रस्त्याखाली उतरविणे हे कार्य आता शिल्लक आहे.

महानगरपालिकेची नळी

वाकडकरांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही, कारण त्यांच्या शहराकडे अशी नळी आहे. केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानात पिंपरी-चिंचवडची निवड २०१७ साली झाली आणि त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. अभियानाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा कंपनीत राज्य शासन आणि महानगरपालिका यांचा वाटा समसमान असतो. क्षेत्राधारित विकासासाठी पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर ही शेजारची उपनगरे निवडली गेली. परंतु कॅमेरे, वाहतूक-नियंत्रण, सार्वजनिक वायफाय आणि महानगरपालिकेच्या कार्यालयांची परस्परजोडणी यांसाठी जे काचतंतूंचे जाळे आवश्यक होते ते संपूर्ण शहराकरिता योजले गेले, आणि त्यासाठी शेकडो किलोमीटर भूमिगत नळ्या घातल्या गेल्या. महानगरपालिकेच्या स्वतःच्या गरजा भागवून त्या जाळ्यात जी क्षमता शिल्लक राहते ती दूरसंचार कंपन्यांना भाड्याने द्यावी आणि तिचे उत्पन्न शहराला व्हावे, अशीही तजवीज झाली.

या तजविजीकडे उत्पन्नाची बाब म्हणून पाहण्याचा मोह प्रशासनाला होणे स्वाभाविक आहे. परंतु तसे पाहिले तर तिचे खरे मोल हातचे जाईल. उत्पन्न अधिकाधिक व्हावे हाच हेतू असेल तर संपूर्ण जाळे एकाच मक्तेदाराच्या हवाली करून त्याच्याकडून एकरकमी बोली घेणे सोपे वाटेल. पण असा इजारा घेणारा मक्तेदार आपल्या बोलीची वसुली इतर सेवादात्यांना चढे भाडे लावून किंवा त्यांना दारातच थांबवून करील, आणि ज्या रस्त्याची मालकी वाकडच्या करदात्याची आहे त्या रस्त्याखालच्या अडथळ्याची किंमत तोच करदाता आपल्या मासिक देयकातून पुन्हा भरील. येथे आपल्या आठवडे बाजाराची रीत अनुकरणीय आहे. बाजाराचे मैदान गावाचे असते. गाव स्वतः भाजी विकावयास बसत नाही आणि एकाच व्यापाऱ्याला मैदान देऊनही टाकत नाही. ठरलेली पट्टी देईल त्याला जागा मिळते, पट्टीचा दर सर्वांना ठाऊक असतो, आणि मैदान साफ ठेवण्याची जबाबदारी गाव घेते. नळीच्या बाबतीत महानगरपालिकेने याहून वेगळे काही करण्याचे कारण नाही.

स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. अभियान संपते, पण नळी जमिनीतच राहते. म्हणून तिचा ताबा, तिच्या दुरुस्तीचा खर्च आणि तिच्या भाड्याचे उत्पन्न यांचे नाते महानगरपालिकेच्या कायम कारभाराशी स्पष्टपणे जोडले गेले पाहिजे. ज्या मालमत्तेचे दप्तर नीट नसते ती मालमत्ता हळूहळू कोणाचीच राहत नाही.

इतरांचे अनुभव

हा मार्ग अनोळखी नाही. स्वीडनच्या स्टॉकहोम नगरीने १९९४ साली स्टोकाब नावाची कंपनी काढली. ती संपूर्णपणे नगराच्या मालकीची असून नळ्या घालते, तंतू ओढते आणि तो डार्क फायबर कोणत्याही सेवादात्याला समान अटींवर भाड्याने देते. ती स्वतः नागरिकाला इंटरनेट विकत नाही. खालच्या थराची मालकी एकाकडे आणि वरच्या थराची स्पर्धा अनेकांत, अशी निर्मळ विभागणी तिने तीन दशके चालविली आहे. अमेरिकेतील चॅटनूगा नगरीने निराळा मार्ग धरला. तेथील नगराच्या मालकीच्या वीजसंस्थेने वीजजाळ्याबरोबर काचतंतू टाकून २०१० साली आपल्या क्षेत्रातील प्रत्येक घराला एक गिगाबिटची सेवा देऊ केली. ती यशस्वी झाली; परंतु आपल्या वीजक्षेत्राबाहेरच्या शेजाऱ्यांना ती देण्यास टेनेसी राज्याच्या कायद्याने मज्जाव केला होता, आणि अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने तो मज्जाव दूर करण्याचा केलेला प्रयत्न २०१६ मध्ये न्यायालयात टिकला नाही. नगराचे सामर्थ्य अखेर वरच्या सरकारच्या कायद्यावर अवलंबून असते, हा तेथील धडा आपल्यालाही लागू आहे.

आपल्या देशात केरळने ५ जून २०२३ रोजी के-फोन या जाळ्याचे उद्घाटन केले. राज्याच्या वीजमंडळाच्या खांबांचा आधार घेऊन टाकलेले हे जाळे शासकीय कार्यालयांना जोडते आणि दरिद्री कुटुंबांना विनामूल्य जोडणी देण्याचा संकल्प बाळगते. खेड्यांसाठीच्या केंद्राच्या अशाच योजनेस मंजुरी मिळाली ती त्याच्या पुष्कळ आधी, २५ ऑक्टोबर २०११ रोजी. सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याचा तिचा उद्देश होता, पुढे तिला भारतनेट असे नाव मिळाले, आणि दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रात ते काम राज्याच्या महाआयटी या महामंडळाने अंगावर घेतले. यासाठी पैसा आला तो दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलावरील पाच टक्के आकारणीतून २००२ पासून उभ्या राहिलेल्या सार्वत्रिक सेवा निधीतून. तंतू पंचायतीच्या कचेरीपर्यंत गेला, पण पुष्कळ ठिकाणी तेथून घरापर्यंत गेला नाही. कोठे तो रस्तारुंदीकरणात तुटला आणि कोठे वीज नसल्याने उपकरण बंद राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमाने एका दिशेने जाणाऱ्या रेषेऐवजी कड्याची रचना, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने संपर्क चालू राहील अशी रचना, आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद केली. जाळे टाकणे आणि जाळे राखणे ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत, हे समजावयास एक तप जावे लागले.

आक्षेपांचा विचार

सार्वजनिक मालकीविरुद्धचे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना गंभीर उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप अकार्यक्षमतेचा. भारत संचार निगमाची अवनती पाहिलेल्या नागरिकाने शासकीय जाळ्यावर विश्वास का ठेवावा? उत्तर असे, की त्या निगमाकडे चारही थर एकत्र होते आणि त्याला सेवेच्या क्षेत्रात चपळ प्रतिस्पर्ध्यांशी झुंजावे लागले. नळी भाड्याने देणे हे काम त्याच्या तुलनेने पुष्कळ सरळ आणि स्थिर स्वरूपाचे आहे. महाराष्ट्राने वीजक्षेत्रात हा प्रयोग केलेलाच आहे. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीजमंडळाची २००५ मध्ये निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा तीन कंपन्यांत विभागणी झाली, आणि २००३ च्या विद्युत अधिनियमाने पारेषणाच्या तारा इतरांना खुल्या करण्याचे तत्त्व मान्य केले. तार कोणाची आणि तीतून जाणारी वीज कोणाची, यांची फारकत आपल्या परिचयाची आहे.

दुसरा आक्षेप असा, की मालकी लोकांच्या हाती आली म्हणजे हिशेब सैल होतो. श्रीरामपूर-राहुरीच्या परिसरात सहकारी तत्त्वावर वीजवितरण करणारी मुळा-प्रवरा संस्था जवळजवळ चार दशके चालली. ग्राहकांच्याच मालकीची अशी वीजसंस्था हा महाराष्ट्राच्या सहकाराचा अभिमानाचा विषय होता. परंतु थकबाकीचा डोंगर वाढला आणि २०११ साली ते वितरण महावितरणकडे गेले. या अनुभवाकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. लोकांची मालकी टिकावयाची तर भाडे खर्चाशी मेळ खाणारे असले पाहिजे, आणि त्याची वसुली कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता झाली पाहिजे.

तिसरा आक्षेप सत्तेच्या एकवटण्याचा आहे. ज्याच्या हाती नळी त्याच्या हाती ती बंद करण्याची शक्तीही येते, ही शंका रास्त आहे. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट बंद ठेवण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि अनिश्चित काळ बंदी घालता येणार नाही असे सांगितले; तो अंकुश मालक कोणीही असला तरी आवश्यकच आहे. मात्र महानगरपालिकेकडे फक्त नळी आणि अप्रकाशित तंतू असतील तर त्यातून कोणता मजकूर जातो हे पाहण्याचे साधनच तिच्याजवळ राहत नाही. सत्तेचे विकेंद्रीकरण थरांच्या विभागणीनेच साधते.

काय व्हावे

या विवेचनातून वाकडसारख्या उपनगरासाठी काही निश्चित कर्तव्ये निघतात. पहिले, महानगरपालिकेने नवा रस्ता बांधताना, जुन्याचे काँक्रीटीकरण करताना किंवा जलवाहिनी बदलताना त्याच कामाच्या अंदाजपत्रकात पुरेशा मोकळ्या नळ्या घालण्याची तरतूद करावी, कारण चर उघडा असताना नळीची किंमत नगण्य असते आणि काँक्रीट ओतल्यावर तीच असह्य होते. दुसरे, त्या नळ्यांचे आणि तंतूंचे भाडे, अटी व उपलब्ध जागा यांचा तक्ता सर्वांना पाहावयास मिळावा, कोणत्याही एका कंपनीला अनन्य हक्क देऊ नये, आणि लहान स्थानिक केबलचालकाला थोड्या लांबीचा तंतूही घेता यावा, म्हणजे खांबांवरच्या केबली खाली आणण्यास त्याला सांगताना त्याची उपजीविका हिरावली जाणार नाही. तिसरे, भाड्याच्या उत्पन्नाचा ठरावीक अंश देखभालीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा. चौथे, हद्दीवरच्या भांडणांना पूर्णविराम मिळावा म्हणून महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळ, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि हिंजवडीची ग्रामपंचायत यांनी भूमिगत वाहिन्यांचा एकच नकाशा ठेवावा. मेट्रोमार्गासाठी या प्रदेशाने पस्तीस वर्षांच्या सवलतीचा करार करून खासगी भांडवल घेतले आणि मुदतीअंती मालमत्ता सार्वजनिक मालकीत परत येईल अशी अट लिहून घेतली. नळीसाठी भांडवल कमी पडत असेल तर तशाच प्रकारची अट घालणे अशक्य नाही.

पाचवे कर्तव्य नागरिकाच्या स्वतःच्या दाराशी आहे. वाकडच्या उंच इमारतींत रस्त्यापासून सदनिकेपर्यंत केबल जाण्यासाठी जी उभी पोकळी असते ती सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या ताब्यात असते. इमारत बांधणाऱ्याने किंवा संस्थेच्या समितीने एका सेवादात्याशी अनन्य करार केला, तर शेकडो कुटुंबांची निवड एका सहीने संपुष्टात येते. नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये अशा अनन्यतेविरुद्ध शिफारस केली आणि इमारतींतील जाळे सर्वांना खुले असावे असे सुचविले. संस्थेची सर्वसाधारण सभा हा ठराव आजही करू शकते: पोकळी संस्थेची, तीतील तंतू शक्यतो संस्थेचा, आणि सेवादाता ज्याचा त्याने निवडावा. महानगरपालिकेकडून ज्या न्यायाची अपेक्षा करावयाची तो न्याय आपल्या जिन्यात आधी रुजू केला, म्हणजे मागणीला नैतिक बळ येते.

भारतात तारेने मिळणाऱ्या ब्रॉडबँडच्या जोडण्या २०२४ साली सुमारे चार कोटी होत्या. भ्रमणध्वनीवरून इंटरनेट वापरणाऱ्यांच्या मानाने ही संख्या अगदीच लहान आहे. याचा अर्थ देशाचे भूमिगत जाळे बव्हंशी अजून घातले जावयाचे आहे. तांब्याच्या तारेच्या वेळी आणि सागरी केंद्रांच्या वेळी आपण अटी लिहून घेण्यास विलंब केला, आणि तो विलंब भरून काढण्यास वर्षे गेली. काचतंतूच्या बाबतीत तो काळ अजून निघून गेलेला नाही. रस्ते अजून नव्याने बांधले जात आहेत, महानगरपालिकेच्या नळ्या जमिनीत आहेत, कायद्यात सामाईक मार्गाची तरतूद आहे. लोकप्रतिनिधी मते मागावयास दारी येतील तेव्हा पाण्याच्या टाकीबरोबर आणि रस्त्याच्या डांबराबरोबर नळीच्या भाडेपट्ट्याचीही प्रत त्यांच्याकडे मागण्याचा वाकडकरांना पूर्ण अधिकार आहे, आणि तो त्यांनी बजावला पाहिजे.